रुधिराभिसरणाचा शोधक विल्यम हार्वे

मनगटावर दोन बोटें ठेवून नाडी पाहणें हें लहान मुलासही येतें. छातीवर कान ठेवला असतां आंत कांहीं तरी धडधडत असतें, हेंही सर्वांस ठाऊक आहे. बोट कापलें तर रक्त कोठून येतें, असें विचारलें म्हणजे खालच्या वर्गांतील मुलगा सुद्धां हृदयाचें नांव घेतो आणि रक्त शरीरांत फिरत असतें असें सांगून मोकळा होतो. परंतु तें खरोखरच फिरतें, म्हणजे हृदयांतून निघालेलें रक्त सर्व शरीरांतून जाऊन पुनः हृदयांतच परत येतें, ही गोष्ट १६२८ सालापर्यंत कोणींही सिद्ध करून दाखविली नव्हती. ती ज्यानें दाखविली, त्या विल्यम हार्वेचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील फोकस्टन या गांवीं १ एप्रिल १५७८ रोजीं हार्वेचा जन्म झाला. त्याचा बाप टॉमस हार्वे हा तेथील एक वजनदार गृहस्थ असून कित्येक वेळां त्या गांवचा मेयर झाला होता. सात भावांत विल्यम सर्वांत वडील. त्याचे बहुतेक भाऊ पुढें लंडन शहरीं व्यापारांत पडले व चांगले गबर झाले. विद्येकडे ओढा काय तो ह्या एकाचाच. दहा वर्षांचा असतांना त्याला कँटरबरी येथील किंग्ज स्कूलमध्यें घालण्यांत आलें. त्या शाळेचा नियम असा होता कीं, मुलांनीं अभ्यासांत तर राहोच, पण खेळतांना देखील लॅटिन किंवा ग्रीक भाषेवांचून दुसरी भाषा बोलूं नये. इंग्रजी बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे ज्यांची तारांबळ उडते, त्या आमच्या बालमित्रांस हें वाचून थोडा दिलासा वाटेल! ह्या शिस्तीचा हार्वेला मात्र मोठाच उपयोग झाला. त्या काळीं यूरोपांतील सारी शास्त्रें लॅटिनमध्यें होतीं, आणि त्याचा जगद्विख्यात ग्रंथही पुढें त्याच भाषेंत निघाला.

पंधराव्या वर्षीं तो केंब्रिज येथें कायस कॉलेजांत दाखल झाला. ह्या कॉलेजाचा पुनःसंस्थापक स्वतः वैद्य होता, व फांशीं दिलेल्या दोन गुन्हेगारांचीं शरीरें दरवर्षीं चिरून पाहण्याची राजाज्ञा कॉलेजास मिळालेली होती. १५९७ सालीं पदवी घेऊन हार्वे इटलींतील पाडुआ शहरीं गेला. वैद्यक शिकावयाचें तर पाडुआसच, अशी त्या वेळीं सर्व यूरोपांत ख्याति होती. तेथें शरीरविच्छेदनासाठीं नुकतेंच एक लांकडी नाट्यगृहासारखें सभागृह बांधलेलें होतें. तळाशीं एक मेज, आणि त्याच्या सभोंवार एकावर एक अशा सहा अरुंद गॅलऱ्या. हिंवाळ्याच्या दिवसांत मेणबत्त्यांच्या उजेडांत मेजावरील प्रेत चिरलें जाई, आणि विद्यार्थी कठड्यावर ओणवून खालीं पाहत राहत. हें सभागृह अजून उभें आहे. त्याच विद्यापीठांत त्या वेळीं गॅलिलिओ हा गणित शिकवीत होता; परंतु ह्या दोघांचा परिचय झाला होता असा पुरावा मिळत नाहीं.

हार्वेचा गुरु फाब्रिशिअस हा नामांकित शरीरशास्त्रज्ञ होता. नीलांच्या, म्हणजे ज्या वाहिन्यांतून मळकट तांबडें रक्त वाहतें त्यांच्या, आंतल्या बाजूस जागजागीं पातळ पापुद्र्यासारख्या झडपा असतात, त्या तो आपल्या शिष्यांस उघडून दाखवीत असे. परंतु त्यांचें काम काय, हें त्याला उमगलें नाहीं. रक्त हातापायांकडे एकदम धांवून तेथेंच सांचूं नये म्हणून सृष्टीनें घातलेले हे बांध होत, अशी त्यानें आपली समजूत करून घेतली होती. गुरूनें झडपा दाखविल्या आणि शिष्यानें त्यांची दिशा पाहिली, असें म्हटल्यास चालेल. त्या सर्व झडपा हृदयाच्या दिशेनेंच उघडतात. आपल्या शोधाचें बीज ह्याच विचारांत होतें, असें हार्वेनें म्हातारपणीं रॉबर्ट बॉईल ह्या तरुण शास्त्रज्ञास सांगितलें होतें.

आतां फाब्रिशिअससारख्या डोळस माणसालाही हें कां दिसूं नये? त्याचें उत्तर गेलेन ह्या नांवांत आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या ह्या ग्रीक वैद्याचा शब्द यूरोपांत व अरब देशांत सुमारें चौदाशें वर्षें प्रमाण मानला जात होता. त्याच्या मतें अन्नाचें रक्त यकृतांत बनतें, नीलांच्या वाटेनें तें निरनिराळ्या अवयवांकडे जातें, आणि पाटाचें पाणी शेतांत जिरावें तसें तेथें जिरून जातें. ह्या रक्ताचा थोडा अंश हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांवाटे डाव्या कप्प्यांत पाझरतो, व तेथें त्याचा हवेंतून आलेल्या प्राणतत्त्वाशीं संयोग होतो. गेलेन हा लहान माणूस नव्हता. रोहिणींत हवा नसून रक्तच असतें, हें प्रयोगानें दाखविणारा तोच. अनर्थ झाला तो त्याच्या मागून आलेल्या लोकांच्या भाविकपणामुळें. तीं छिद्रें कोणासही दिसत नव्हतीं, तरी तीं आहेत असें प्रत्येक जण लिहीत होता. पाडुआचाच प्राध्यापक व्हेसेलिअस यानें १५५५ सालीं आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तींत ह्या छिद्रांविषयीं शंका घेतली. त्याच्यानंतरच्या कोलोंबो यानें १५५९ सालच्या ग्रंथांत असें सांगितलें कीं, उजवीकडील रक्त पडद्यांतून न जातां फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतें. आणि इब्न अल्-नफीस ह्या अरबी वैद्यानें तर तीच गोष्ट तेराव्या शतकांत लिहून ठेविली होती. म्हणजे वाटेचे कांहीं तुकडे सांपडले होते. अख्खी वाट मात्र कोणाच्याही ध्यानांत आली नव्हती.

एप्रिल १६०२ मध्यें पाडुआची वैद्यकाची पदवी घेऊन हार्वे मायदेशीं परतला, लंडन येथें त्यानें धंदा सुरू केला, आणि १६०४ सालीं एका राजवैद्याची मुलगी एलिझाबेथ ब्राऊन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. त्यांस मूलबाळ झालें नाहीं. ह्या बाईविषयीं इतिहासास फारसें ठाऊक नाहीं. तिचा एक पोपट मात्र अमर झाला आहे. तो छान बोलत असे, म्हणून सर्वांनीं त्याला नर समजून चाललें होतें. तो मेला तेव्हां हार्वेनें आपल्या स्वभावाप्रमाणें त्याला चिरून पाहिलें, तों आंत अंडें निघालें! ही हकीकत त्यानें आपल्या दुसऱ्या मोठ्या ग्रंथांत मोकळेपणानें नमूद केली आहे. १६०९ सालीं सेंट बार्थोलोम्यू ह्या जुन्या धर्मार्थ रुग्णालयांत त्याची वैद्य म्हणून नेमणूक झाली. पुढें तो प्रथम जेम्स राजाचा व नंतर चार्ल्स राजाचा वैद्य झाला. लंडनच्या वैद्यसभेनें त्याला शरीरशास्त्राचा व्याख्याता नेमलें, व त्याचीं पहिलीं व्याख्यानें एप्रिल १६१६ मध्यें झालीं. त्याच महिन्यांत शेक्सपिअर वारला.

हार्वे ठेंगणा, सांवळ्या वर्णाचा, काळ्याभोर केंसांचा व बारीक चमकदार डोळ्यांचा असून तापट होता असें त्याच्या ओळखीच्या एका लेखकानें लिहून ठेविलें आहे. कामांत मात्र त्याच्या चिकाटीला सीमा नव्हती. जिवंत प्राण्याचें हृदय उघडें करून पाहिलें तर तें इतक्या झपाट्यानें उडत असतें कीं, कोणता भाग केव्हां आकुंचन पावतो हें डोळ्यांस कळत नाहीं. ह्या अडचणीनें आरंभीं हार्वे अगदीं हताश झाला होता. मग त्यानें युक्ति काढली. बेडूक, साप, मासे, गोगलगाय अशा थंड रक्ताच्या प्राण्यांचें हृदय सावकाश चालतें. कुत्र्याडुकरांचें हृदयही मरतेवेळीं मंदावतें. तें पाहत बसून त्यानें निश्चित केलें कीं, हृदयाचें खरें काम म्हणजे फुगणें नव्हे, आवळणें होय. आवळलेली मूठ जशी टणक होते तसें तें होतें, आणि त्याच क्षणीं आंतील रक्त बाहेर फेकलें जाऊन नाडीचा ठोका उठतो. त्यानें सापाच्या हृदयाकडे येणारी नीला चिमटींत दाबली, तेव्हां हृदय फिकट व रिकामें पडलें. हृदयांतून निघणारी रोहिणी दाबली, तेव्हां तें फुगून जांभळें झालें. एका कबुतराचें हृदय बंद पडल्यावर त्यानें थुंकीनें ओलें केलेलें ऊन बोट त्यावर कांहीं वेळ ठेविलें, आणि तें पुनः उडूं लागलें. हे प्रयोग आज वाचतांना मन कळवळतें हें खरें. त्या काळीं गुंगीचें औषध नव्हतें, व मुक्या प्राण्यांच्या वेदनांचा विचारही फारसा कोणी करीत नसे.

परंतु हार्वेचें मोठेपण केवळ पाहण्यांत नाहीं, मोजण्यांत आहे. मृत मनुष्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यांत दोन औंसांहून अधिक रक्त मावतें, असें त्यास आढळलें. प्रत्येक ठोक्यास त्यांतील अर्धाच औंस बाहेर पडतो असें धरा, आणि अर्ध्या तासांत ठोकेही एक हजारच पडतात असें धरा. दोन्हीं आंकडे त्यानें मुद्दाम कमी धरले होते. तरी अर्ध्या तासांत पांचशें औंस, म्हणजे चौदा-पंधरा किलो, रक्त हृदयांतून बाहेर पडलें! अख्ख्या मेंढराच्या अंगांत चार पौंडांहून अधिक रक्त नसतें, हें त्यानें स्वतः पाहिलेलें होतें. मग दर अर्ध्या तासाला एवढें नवें रक्त यकृत कोठून बनवील? इतकें अन्न खातो तरी कोण? आणि तें जिरतें म्हणावें तर अवयव फुटून कसे जात नाहींत? अर्थात् तेंच रक्त पुनः पुनः येत असलें पाहिजे. आजचें मोजमाप पाहिलें तर हार्वेचा हिशेब किती सावध होता हें कळतें. निजल्याबसल्या मोठ्या माणसाच्या हृदयांतून दर ठोक्यास सुमारें सत्तर मिलिलिटर रक्त बाहेर पडतें, मिनिटास सुमारें पांच लिटर; आणि सर्व शरीरांत मिळून रक्त असतें तेंही सुमारें पांच लिटरच. हा गुणाकार चौथींतल्या मुलासही येईल. चौदाशें वर्षांत तो कोणीं केला नव्हता.

एवढ्यावर तो थांबला नाहीं. त्याचे हातावरील प्रयोग सर्वांत सुंदर आहेत. दंडाला पट्टी करकचून बांधली तर मनगटाची नाडी लागेनाशी होते व हात हळूहळू गार पडतो. पट्टीच्या वरच्या बाजूस मात्र रोहिणी उडत राहते. (हा भाग विद्यार्थ्यांनीं घरीं करून पाहूं नये, त्यानें इजा होते.) आतां पट्टी किंचित् सैल केली, तर हात एकदम लालबुंद होतो व पट्टीच्या खालच्या नीला टरारून फुगतात. कारण काय? रोहिणी खोल असतात, त्या पट्टी सैल होतांच मोकळ्या झाल्या. नीला वरवर असतात, त्या अजून दाबलेल्याच आहेत. अर्थात् रक्त रोहिणींतून हातांत आलें आणि नीलांतून परत जातां जातां अडलें.

दुसरा प्रयोग मात्र कोणासही निर्धास्तपणें करतां येईल. हात खालीं सोडला म्हणजे पुढल्या हातावर निळसर शिरा दिसतात. त्यांतील एका शिरेवर मनगटाच्या बाजूस एक बोट दाबून धरावें, व दुसऱ्या बोटानें तींतील रक्त कोपराकडे सारीत न्यावें. वाटेंत झडप असेल तर दुसरें बोट उचलल्यावरही झडपेच्या खालचा भाग रिकामाच राहतो. वरचें रक्त खालीं येत नाहीं. पहिलें बोट उचलतांच ती खालून भरून येते. गुरूनें दाखविलेल्या त्या झडपा म्हणजे रक्त मंद करणारे बांध नव्हत, तर एकाच बाजूस उघडणारे दरवाजे होत. हार्वेच्या ग्रंथांत ह्याच हाताचीं चित्रें आहेत. आमच्या घरांतील मंडळींनीं हा लेख वाचतां वाचतांच हात पुढें केला, तर तो पुरावा त्यांस जागच्या जागीं मिळेल.

असा सर्व पुरावा जमवूनही तो कित्येक वर्षें गप्प होता. अखेर १६२८ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं त्याचा हृदयाच्या गतीवरील लॅटिन ग्रंथ निघाला. पुस्तक बहात्तर पानांचें, त्यांतही छपाईच्या चुका पुष्कळ! परंतु वैद्यकाच्या इतिहासांत एवढ्या लहान पुस्तकानें एवढी मोठी उलथापालथ क्वचितच केली असेल. आपल्या मतानें सर्व जग आपल्यावर उठेल अशी भीति त्यानें ग्रंथांतच व्यक्त केली होती, आणि ती अगदींच खोटी ठरली नाहीं. कित्येकांनीं त्याला डोकें फिरलेला म्हटलें. रोगी त्याच्याकडे जाईनासे झाले व त्याची प्राप्ति बरीच घटली. पॅरिसचा प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ रिओलाँ ह्यानें गेलेनचा पक्ष सोडला नाहीं. त्याला हार्वेनें उत्तर दिलें तें एकवीस वर्षांनीं, १६४९ सालीं, आणि तेंही सभ्य भाषेंत. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त ह्यानें मात्र अभिसरणाची गोष्ट लवकरच मान्य केली. हळूहळू तरुण वैद्य हार्वेच्या बाजूस आले, आणि त्याचें मत सर्वमान्य झालेलें त्याला स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयास मिळालें. असें भाग्य शोधकांच्या वांट्यास फारसें येत नाहीं.

चार्ल्स राजाचा त्याच्यावर फार लोभ होता. राजोद्यानांतील हरिणें त्याला अभ्यासासाठीं मिळत. एकदां आयर्लंडमधील एका सरदाराचा तरुण मुलगा लंडनला आला होता. लहानपणीं पडून त्याच्या डाव्या बरगड्या मोडल्या होत्या. ती जखम चिघळून छातीस जें भोंक पडलें तें कायमचें राहिलें होतें, व त्यावर तो धातूचें झांकण बांधीत असे. हार्वेनें झांकण काढून आंत बोटें घातलीं, तों हातास हृदयच लागलें! तो मुलाला घेऊन राजाकडे गेला, आणि राजानेंही तें उडतें हृदय बोटांनीं चांचपून पाहिलें. आश्चर्याची गोष्ट ही कीं, हात लागल्याचें त्या मुलास कळतही नव्हतें. ज्याला आपण सर्व भावनांचें माहेरघर म्हणतों, त्या हृदयास स्पर्शाचें ज्ञान नाहीं, हें त्या दिवशीं दोघांसही समजलें.

१६४२ सालीं राजा व पार्लमेंट यांचें युद्ध जुंपलें. एजहिल येथील लढाईच्या वेळीं दोन्हीं राजपुत्रांस संभाळण्याचें काम हार्वेकडे होतें. पुढें इंग्लंडचे राजे झालेल्या ह्या मुलांना घेऊन तो एका कुंपणाच्या आडोशास बसला व खिशांतून पुस्तक काढून वाचूं लागला. तोफेचा गोळा जवळच येऊन पडला, तेव्हां कोठें त्यानें जागा बदलली! परंतु त्याच वर्षीं लंडन येथें त्याच्या राहत्या जागेवर पार्लमेंटपक्षाच्या शिपायांनीं धाड घातली. सामानसुमान गेलें त्याचें त्याला तितकें वाटलें नाहीं. पण कीटकांच्या उत्पत्तीविषयीं अनेक वर्षांच्या श्रमानें केलेलीं टिपणें नाहींशीं झालीं. तें दुःख त्याच्या मनांतून शेवटपर्यंत गेलें नाहीं. राजपक्षाचा म्हणून रुग्णालयांतील जागाही गेली. राजाबरोबर तो ऑक्सफर्डला राहिला. तेथेंही कोंबडीचीं अंडीं रोज फोडून आंतील पिलूं कसकसें वाढतें हें पाहण्याचा त्याचा क्रम चालूच होता. ह्या निरीक्षणांचा ग्रंथ १६५१ सालीं त्याच्या एका मित्रानें त्याची समजूत घालून प्रसिद्ध करविला. पहिल्या पुस्तकानें दिलेला मनस्ताप आठवून तो छापण्यास राजीच नव्हता.

उतारवयांत तो आपल्या भावांच्या घरीं राहत असे. पत्नी आधींच वारली होती. संधिवाताच्या कळा सुरू झाल्या म्हणजे हा वृद्ध वैद्य भर थंडींत गार पाण्यांत पाय बुडवून बसे. १६५४ सालीं वैद्यसभेनें त्याला अध्यक्ष निवडलें, पण वयाचें कारण सांगून त्यानें तो मान नम्रपणें परत केला. आपला ग्रंथसंग्रह मात्र त्यानें सभेस दिला, व वडिलोपार्जित जमिनीचें उत्पन्नही तोडून दिलें. त्यांतून दरवर्षीं एक व्याख्यान व्हावें, आणि प्रयोगानें सृष्टीचीं रहस्यें शोधण्याविषयीं सभासदांस त्यांत आग्रह करावा, अशी त्याची अट होती. ग्रंथसंग्रह १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगींत बहुतेक जळून गेला. व्याख्यान मात्र अद्याप चालू आहे. ३ जून १६५७ रोजीं, वयाच्या ऐशींव्या वर्षीं, अर्धांगाच्या झटक्यानें त्याचा अंत झाला, व एसेक्स परगण्यांतील हेम्पस्टेड गांवच्या प्रार्थनामंदिरांत त्याला पुरण्यांत आलें.

त्याच्या साखळींतील एक दुवा तो गेला तेव्हांही रिकामाच होता. रोहिणींतून गेलेलें रक्त नीलांत येतें हें त्यानें सिद्ध केलें. पण एकींतून दुसरींत तें नेमकें कोणत्या वाटेनें जातें, हें त्याला कधींच दिसलें नाहीं. साध्या डोळ्यांस तेथें कांहींच दिसत नाहीं, आणि त्याच्याजवळ होतें तें केवळ एक साधें भिंग. मांसांतील सूक्ष्म वाटांनीं तें जात असलें पाहिजे, असें त्यानें अनुमानानें लिहून ठेविलें. हीं देखील गेलेनच्या छिद्रांसारखीं न दिसणारींच नव्हेत काय, असें कोणी विचारील. भेद इतकाच कीं, गेलेनचीं छिद्रें त्याच्या मतासाठीं हवीं होतीं, आणि हार्वेच्या वाटा मोजलेल्या रक्तानें मागितल्या होत्या.

ज्या साली फ्रँकफुर्टला हें पुस्तक छापलें गेलें, त्याच सालीं इटलींत बोलोन्याजवळ मार्चेल्लो माल्पिगी नांवाचा एक मुलगा जन्मास आला होता. तो पुढें वैद्य झाला. १६६१ सालीं, हार्वेला जाऊन चार वर्षें झाल्यावर, त्यानें बेडकाचें फुप्फुस सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरलें, आणि केंसाहूनही बारीक अशा नळ्यांचें जाळें त्यास दिसलें. त्या नळ्या रोहिणींपासून निघून नीलांस जाऊन मिळत होत्या.